आठ मात्रा तुझ्या

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, द्राक्षबागा आणि बेदाण्याच्या शेडांच्या पट्ट्यात, जिल्हा परिषदेच्या एका दोनशिक्षकी शाळेत मी शिकवते. वर्ग पहिली ते चौथी. वेळापत्रकात कलेची तासिका असते आणि त्या तासिकेत गेली काही वर्षं मी मुलांना ताल शिकवते आहे. ठेका म्हणजे तालाचे ठरलेले बोल, टाळी आणि खाली म्हणजे त्यातल्या जोराच्या आणि बिनजोराच्या जागा. हा भाग कुठल्याही तबल्याच्या क्लासात शिकवतात. मला लिहायचंय ते त्याच्या पुढच्या भागाबद्दल: लय न सोडता, त्या क्षणी सुचेल ते वाजवणं. गाणारे-वाजवणारे त्याला उपज म्हणतात. आमची मुलं ‘मनचं वाजवणं’ म्हणतात.

आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत हा विषय निघाला की सहकारी हमखास म्हणतात, “अहो बाई, आधी ताल तर येऊ दे त्यांना. मनचं पुढं बघू.” शंका रास्त आहे. आपल्याकडे उपज तालमीच्या शेवटाला येते. कायदे, पलटे, रेले असे तबल्याचे बांधीव प्रकार वर्षानुवर्षं हाताखालून गेल्यावर गुरू कधीतरी म्हणतात, आता तुझं वाजव. मी मिरजेत तबला शिकले, ‘प्रवेशिका पूर्ण’ ही परीक्षा पास झाले, आणि तोवर एकही मात्रा, म्हणजे तालाच्या मोजणीतला एकही घटक, स्वतःची अशी वाजवली नव्हती. तरीही सहा वर्षांच्या मुलाला पहिल्या आठवड्यापासून उपज करता येते असं माझं आता ठाम मत आहे. त्याला जागा अगदी लहान द्यायची, आणि त्याच्या भोवती बाकीच्यांनी लय घट्ट धरून ठेवायची. माझी बहुतेक मेहनत या बाकीच्यांवर जाते.

साधनं मोजकी. कपाटात लेझीम आहेत, झांजांच्या दोन जोड्या आहेत, एक ढोलकी आहे. पोषण आहारातले तेलाचे रिकामे डबे मी मागून घेतले. ते उलटे ठेवून काठीऐवजी बोटांनी वाजवले तर आवाज कानाला सोसतो. पण बरंचसं काम अंगावरच चालतं: टाळी, मांडी, छाती, पाय. चुटकी मी वगळली, कारण पहिलीतल्या पुष्कळ मुलांना ती वाजत नाही आणि मग सगळं लक्ष बोटांकडे जातं. हातात वाद्य नसल्याचा एक मोठा फायदा झाला. ढोलकी समोर ठेवली की निम्मी मुलं “मला येत न्हाई” म्हणून मागं सरतात. मांडीवर थाप येत नाही म्हणणारं मूल मला अजून भेटलेलं नाही.

सुरुवात पायांपासून होते. मैदानात सगळे गोल उभे राहतात आणि जागच्या जागी चालतात. कदमताल मुलांना कवायतीतून माहीत असतो, पण तो शिक्षकाच्या ‘एक-दोन’वर चालतो, आवाज थांबला की पाय विस्कटतात. मला आवाज थांबल्यावरही टिकणारी लय हवी असते. म्हणून ‘एक-दोन’ म्हणता म्हणता मी गप्प होते. पुढची आठ पावलं कुणीच काही बोलायचं नाही, आणि नवव्या पावलाला सगळ्यांनी मिळून एक टाळी. आधी ती टाळी फुटते, कुणाची लवकर, कुणाची मागाहून. मग हळूहळू जुळत येते. आठाऐवजी सोळा पावलं शांततेत गेली आणि टाळी तरीही एकच वाजली, की पुढचं शिकवायला मी मोकळी.

लयीच्या वेगाबद्दल एक सांगायला हवं. मोठ्यांना ‘सावकाश घेऊ या’ म्हटलं की सोपं वाटतं. लहान मुलांना सावकाश लय धरणं जास्त अवघड जातं. फोनमधल्या मेट्रोनोमवर मिनिटाला ६० ठोके लावले तर पहिली-दुसरीची मुलं दोन ठोक्यांच्या मधल्या पोकळीत टिकत नाहीत, पुढं पळतात. ११० ते १२०च्या दरम्यान मात्र तीच मुलं मजेत चालतात. पाऊल लहान, त्यामुळं चालही जलद. जिनिव्हाच्या संगीत विद्यालयात १८९२पासून हार्मनी शिकवणाऱ्या एमिल जाक-डालक्रोझ यांना आपले विद्यार्थी लय कागदावर मांडू शकतात पण अंगात धरू शकत नाहीत असं जाणवलं, आणि त्यातून त्यांनी चालण्या-हलण्यातून लय शिकवण्याची पद्धत उभी केली. आमच्या भागात आरेवाडीच्या बिरोबाच्या यात्रेला ज्यानं ढोल-कैताळावर गजीचा, म्हणजे धनगरी नाचाचा, फेर धरलाय, त्याला पायांचं हे महत्त्व सांगावं लागत नाही. आमच्या निम्म्या मुलांनी तो फेर आज्याच्या खांद्यावर बसून पाहिलेला असतो.

उपजेचं दार मात्र पाढ्यांनी उघडलं.

बे एके बे. बे दुणे चार. बे त्रिक सहा. चालीवर म्हणून बघा: बे, मग एके, मग बे, आणि मग एक श्वास. तीन मात्रा बोलण्याच्या, चौथी मोकळी. पाढे चालीवर म्हणणाऱ्या वर्गात ही मोकळी मात्रा आयतीच असते. तिथं मुलं श्वास घेतात, मान डोलावतात. पहिलीपासून ती त्यांच्या अंगात मुरलेली असते. मी गोलातल्या दहा मुलांना सांगितलं की पाढा सगळ्यांनी म्हणायचा, पाय चालू ठेवायचे, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागेत एकेकानं काहीतरी वाजवायचं. ओळी दहा, मुलं दहा. काय वाजवायचं ते मी सांगणार नाही.

पहिल्यानं टाळी दिली. दुसरीनंही टाळीच दिली. तिसऱ्यानं मांडीवर भरभर दोन थापा मारल्या. चौथीनं पाय आपटला. मधल्या एकानं मेंढरं हाकताना काढतात तसा ‘हुर्र’ काढला आणि सगळे हसले, पण पाय कुणाचे थांबले नाहीत. विसावर पोचेपर्यंत एका मात्रेत काय काय मावतं ते सगळ्यांच्या कानावर पडलं होतं: एक ठोका, दोन, तीन, अंगावरच्या वेगवेगळ्या जागा, तोंडाचा आवाज. मिनिटाला १२०च्या लयीत एक मात्रा म्हणजे अर्धा सेकंद. एवढ्या वेळात लाजायला, शेजाऱ्याकडं बघायला, बाईंचा चेहरा वाचायला सवडच मिळत नाही. हात जे करेल ते करून मोकळा होतो.

पाढा दोनाचाच घ्यावा, पाचाचा किंवा दहाचाही चालतो. सतराचा घेतला की चौथीची मुलंसुद्धा उत्तर आठवण्यात गुंततात आणि मोकळी मात्रा हातची जाते. म्हणायचं ते इतकं पाठ हवं की त्यासाठी डोकं लावावं लागू नये.

मग जागा वाढवली, चार मात्रांची केली. चार मात्रा भरायच्या तर जवळ ठोक्यांचा साठा हवा, आणि तो जेवणाच्या पिशवीतून आला. ताक हा एका मात्रेत एक ठोका. भाकरी दोन. शेंगदाणा तीन. कांदाभाकर चार. तबल्याकडच्या लोकांना यात ता, तक, तकिट आणि तकधिमि लगेच दिसतील. लिहिताना शेंगदाण्याला चार अक्षरं असली तरी टाळ्या तीनच पडतात, हे मुलांनी मी न सांगता बरोबर धरलं. ती कानानं मोजत होती. हंगेरीत संगीतकार झोल्तान कोदाय यांच्या पद्धतीनं शिकणारी मुलं ‘ता’ आणि ‘ती-ती’ म्हणत लय शिकतात. आपल्याकडं तर बोलांची परंपराच आहे, आधी तोंडात आणि मग हातात. तिला सोडून मुलांना थेट हातानं वाजवायला लावण्यात काही राम नाही. म्हणून आमचा क्रम ठरलेला: ‘ताक ताक भाकरी ताक’ आधी नुसतं म्हण. मग म्हणत म्हणत वाजव. मग ओठ मिटून वाजव. ओठ मिटल्यावरही शब्द आत चालू असतात, आणि ते चालू आहेत तोवर लय हलत नाही.

शब्द होते म्हणून मुलं अडकली नाहीत. काय वाजवायचं हे न सुचणारा मुलगा काय खाल्लं ते मात्र नक्की सांगू शकतो. हळूहळू खाण्याचे शब्द संपले, मग गावांची नावं आली, बैलांची, कुत्र्यांची, ट्रॅक्टरच्या कंपन्यांचीही. तिसरीतल्या एका मुलीनं औषधफवारणीच्या पंपाचा आवाज बोलांत बसवला आणि तिच्या घरी फवारणी चालू असेपर्यंत ती रोज तोच वाजवत होती.

यापुढची पायरी मला सगळ्यात जवळची. तिचा आकार मी कार्ल ऑर्फ यांच्याकडून घेतला. या जर्मन संगीतकारानं १९२४ साली डोरोथे ग्युंटर यांच्याबरोबर म्युनिकमध्ये संगीत-नृत्याची शाळा काढली आणि पुढं गुनिल्ड केटमन यांच्यासोबत मुलांसाठी बोलणं, हालचाल आणि वाद्यं एकत्र गुंफणारी पद्धत विकसित केली. त्यात एक साधी रचना येते: सगळे मिळून ठरलेला तुकडा वाजवतात, मग एकजण स्वतःचा वाजवतो, पुन्हा सगळे, मग दुसरा. आपल्या कानाला ही रचना परकी नाही. भजनात ध्रुवपदावर सगळे येतात, अंतरा एकजण घेतो. पंचमीच्या फेराच्या गाण्यातही एक सांगते, बाकीच्या झेलतात.

आमचं ध्रुवपद मुलांनीच बांधलं. ताक, भाकरी, ताक, भाकरी, शेंगदाणा, शेंगदाणा, ताक, आणि आठवी मात्रा मोकळी. त्या मोकळ्या मात्रेत पुढचा श्वास घेतो आणि मग त्याच्या आठ मात्रा. हिशेब सोपा आहे. १२०च्या लयीत आठ मात्रा म्हणजे चार सेकंद. ध्रुवपदाचे चार आणि मुलाचे चार मिळून आठ. बावीस मुलांचा गोल तीन मिनिटांत पुरा होतो. एका तासिकेत अनेक फेऱ्या होतात, त्यामुळं एका फेरीत काही जमलं नाही तर त्याचं दडपण राहत नाही. नंबर लगेच परत येतो. माझा नियम एकच: आठ मात्रा तुझ्या. त्यात काय करायचं ते तू ठरव, मौन ठेवलंस तरी ते तुझंच वाजवणं. नवव्या मात्रेला मात्र सगळ्यांबरोबर यायचं.

दुसरीत एक मुलगा होता. आईवडील ऊसतोडीला गेले की आजीजवळ राहायचा, वर्गात फारसा बोलायचा नाही. त्याचा नंबर आला, ध्रुवपद संपलं, आणि तो हात खाली सोडून उभा राहिला. पाय चालू होते. बाकीची मुलं ठेका पुटपुटत राहिली, आठ मात्रा सरल्या, सगळे ध्रुवपदावर आले आणि फेरी पुढं गेली. कुणी त्याला ढोसलं नाही, मीही नाही. दुसऱ्या फेरीतही तसंच. तिसऱ्या फेरीत सात मात्रा रिकाम्या गेल्या आणि आठवीवर त्यानं छातीवर एक थाप मारली. एकच. ती थाप समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, अशी जाऊन भिडली की ध्रुवपद एरवीपेक्षा दुप्पट जोरात उठलं. चौथीतली एक मुलगी वाजवता वाजवताच म्हणाली, “लई भारी!”

तोवर सगळी मुलं आपल्या आठ मात्रा ठासून भरत होती. रिकामं ठेवणं म्हणजे न येणं अशी त्यांची समजूत होती. त्या दिवसानंतर मात्र थांबून वाजवणं ही चीज वर्गात आली. कुणी पहिल्या चार मात्रा सोडू लागलं, कुणी मधल्या दोन. एका मुलीनं पहिल्या मात्रेवर टाळी दिली, मग सहा मात्रा नुसतं सगळ्यांकडं बघत राहिली, आणि आठवीला तशीच टाळी दिली. त्या सहा मात्रांत सगळा गोल तिच्याकडं कान लावून होता. तबला शिकताना खालीचं महत्त्व मी पुस्तकी पद्धतीनं पाठ केलं होतं: खालीला डग्ग्याची, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या खर्ज वाद्याची, घुमक निघून जाते, म्हणून सम जवळ आल्याचं कळतं. मुलांना ते असं कळलं.

हे सगळं शक्य झालं ते ठेका पुटपुटणाऱ्या बाकीच्या मुलांमुळं. एका कार्यशाळेत मी पाहिलं होतं, मुलांपुढं डबे आणि काठ्या ठेवून ‘मनाला येईल तसं वाजवा’ असं सांगितलं गेलं. थोडा वेळ गोंगाट झाला, मग एकेक मूल थांबलं, आणि शेवटी सगळे मिळून एका धीट मुलाचं बघून तेच वाजवू लागले. कुणाच्याही खाली काही आधार नव्हता. पंचमीला झोका बांधताना बायका आधी फांदी ओढून बघतात, दोर नंतर टाकतात. ठेका धरणारी मुलं म्हणजे ती फांदी. एकटं वाजवणाऱ्याला ठाऊक असतं की मी चुकलो, थांबलो, घाबरलो, तरी लय जागेवर आहे आणि मला परत यायला सम तिथंच उभी आहे.

म्हणून ठेका धरणाऱ्यांची तालीम मी वेगळी घेते. आठ मात्रांचा केरवा ताल बोलांत म्हणायचा, धा गे ना ती । न क धी ना. धा आणि धीला मांडीवर थाप, ‘न क’ला आवाज हलका, पाचव्या मात्रेला तळहात उलटा. हे चालू असताना मी त्यांना हलवायचा प्रयत्न करते. दोन मात्रांच्या मधे टाळ्या देते, वेग वाढवते, समोर जाऊन भलत्याच लयीत चालते. त्यांनी ढळायचं नाही. मुलांना हा खेळ अतोनात आवडतो, कारण बाईंना हरवायचं असतं. पहिलीतली मुलं यात सहज ढळतात. त्यांना चौथीच्या मुलांच्या मधे उभं केलं की शेजाऱ्याचे पाय त्यांना सांभाळतात. उलट मनचं वाजवताना पहिलीची मुलं जास्त धीट असतात. चौथीच्या मुलांना बरोबर-चूक फार कळायला लागलेलं असतं. चारही इयत्ता एकत्र घेण्याची आमची सक्ती होती, दोनच शिक्षक म्हणून. आता मी ती निवड म्हणून करीन.

जसजसं जमत गेलं तसतशा मी अटी घालत गेले, कारण मोकळीक वाढली की मुलं त्याच त्या आवडत्या तुकड्यावर परत जातात. आज फक्त दोन ठोके, आठांत कुठंही. आज पहिली मात्रा सोडून सुरुवात. आज आधीच्यानं वाजवलं त्यातलं काहीतरी घेऊनच वाजवायचं. ही शेवटची अट सगळ्यात कठीण आणि सगळ्यात फलदायी. ती घातल्यावर मुलं आपला नंबर येईपर्यंत मनात तालीम करायची थांबली आणि शेजाऱ्याचं ऐकू लागली. शाहिरांच्या कलगी-तुऱ्यात, सतार-तबल्याच्या जुगलबंदीत सवाल-जवाब असतो, तो हाच. समोरच्याचं शेवटचं टोक पकडून आपलं सुरू करायचं. दोन मुलं समोरासमोर उभी करून मी सवाल-जवाब घेते तेव्हा वर्गात पूर्ण शांतता असते. भांडकुदळ म्हणून नाव असलेली दोन पोरं यात एकमेकांचं इतकं ध्यान देऊन ऐकतात की बघत राहावं.

तिहाई मी चौथीला दाखवली. एक तुकडा तीनदा वाजवून समेवर यायचं. तुकडा तीन मात्रांचा, ‘भाकरी ताक धा’. तीनदा सलग वाजवला की शेवटचा धा नेमका पुढच्या समेवर पडतो. “असं का?” असं विचारल्यावर एकजण बोटं मोजत म्हणाला, “तीन त्रिक नऊ. आठ संपल्यावर नववी म्हंजे पुन्हा एकच की!” मग त्यांनी स्वतःच शोध चालू केला. सहा मात्रांच्या दादऱ्यात हा तुकडा समेपासून घेतला तर चुकतो, पाचव्या मात्रेपासून उचलला तर बसतो. एकच टाळी आणि मधे दोन मोकळ्या मात्रा धरल्या तर दादऱ्यात पहिली, चौथी आणि सातवी, म्हणजे पुढची सम. ही तिहाई दुसरीच्या मुलांनाही येते. पाटीवर आठ चौकोन आखून ती कुठं बसते ते मुलं खडूनं शोधतात. ठोक्याला टिंब, मांडीला रेघ, मौनाला कोरा चौकोन.

हलगीबद्दल लिहायला हवं. आमच्या भागात हलगी घुमली नाही असा कार्यक्रम नाही, आणि तरी शाळेत ती आणायची म्हटल्यावर कुरबुर झाली. हलगीला जातीचं ओझं आहे. ज्या घरांनी ती पिढ्यान्‌पिढ्या वाजवली त्यांना तिच्यामुळं मान मिळाला नाही, उलट ती वाजवणं हेच हलकं काम ठरवलं गेलं. त्या घरातला एक मुलगा आमच्या तिसरीत होता. टाळी-मांडीच्या फेऱ्यांत तो बेताचंच वाजवायचा. घरी हलगी आहे हे त्यानं कधी सांगितलं नव्हतं, दुसऱ्या मुलांनी सांगितलं. मी त्याच्या घरी गेले, त्याच्या आजोबांना शाळेत यायची विनंती केली. “आमचं काय शिकवायचं, बाई?” म्हणाले. पण आले, धुतलेला फेटा बांधून आले.

त्यांनी आवारात काटक्या पेटवून आधी हलगी शेकली. चामडं तापलं की आवाज कसा चढतो ते मुलांनी बोटानं वाजवून पाहिलं. मग त्यांनी वाजवलं, आणि मी आजवर मुलांना जे सांगत होते ते सगळं त्या वाजवण्यात होतं: एक ठेका धरलेला, त्यावर मधेच सोडलेली जागा, उशिरा मारलेला ठोका, पुन्हा सम. कुठं शिकलात असं एका मुलीनं विचारलं. म्हणाले, “बाच्या मागं चालत चालत.” जाताना त्यांनी हलगी नातवाच्या हातात दिली. त्यानं मिरवणुकीतले तयार तुकडे वाजवले, एकामागून एक, सफाईनं. ती उपज नव्हती, आणि त्या दिवशी ती असायची गरजही नव्हती. घरातून भाषा घेऊन आलेलं मूल आधी ती पूर्ण बोलून दाखवणारच. आठांची अट घातल्यावर महिनाभरात तो तेच तुकडे मोडून जोडू लागला. आता ठेका धरणाऱ्यांचा म्होरक्या तो आहे, आणि हलगी हातात घ्यायला वर्गातली सगळी मुलं नंबर लावतात, मुलीसुद्धा. मला शाळेत ताल शिकवण्याचं याहून मोठं कारण दुसरं सुचत नाही.

मूल्यमापनाचा प्रश्न दरवर्षी येतो. वर्णनात्मक नोंदीत ‘संगीताची आवड आहे’ असं लिहिलं की भागतं, पण त्यातून काहीच कळत नाही. मी आता तीन गोष्टी बघते. लय धरून ठेवतो का, म्हणजे दुसरा वाजवत असताना याचे पाय चालू राहतात का. मौन वापरतो का. आणि दुसऱ्याचं घेऊन त्यात बदल करतो का. ‘शेजारणीचा तुकडा उलटा करून वाजवला’ अशी नोंद मी केली आहे, आणि ती वाचून तिच्या आईनं मला रस्त्यात थांबवून त्याचा अर्थ विचारला. कुणी छान वाजवलं तरी आम्ही टाळ्या वाजवत नाही. टाळ्यांनी ठेका मोडतो, आणि पुढचं मूल टाळ्या मिळतील तेच वाजवायला जातं. आवडलं तर ध्रुवपद जोरात म्हणायचं. छातीवर थाप मारणाऱ्या त्या मुलाला मिळाली तीच दाद.

यंदा सात मात्रांचा रूपक घेतला आहे. ती ती ना । धी ना । धी ना. याची समच खाली असते, त्यामुळं पहिल्या मात्रेला जोर द्यायच्या सवयीला पहिल्याच दिवशी धक्का बसतो. चालताना तर आणखी गंमत. आठांत सम दर वेळी त्याच पायावर येते. सातांत ती एकदा उजव्यावर, एकदा डाव्यावर. पहिल्या दिवशी अर्ध्या मुलांनी सम डाव्यावर आली की पाय बदलून पुन्हा उजवा टाकला, म्हणजे नकळत आठ केले. “बाई, डावा आला, डावा आला!” असं एकजण ओरडला आणि मग दर समेला सगळे कुठला पाय ते ओरडून सांगू लागले. सध्या तोच आमचा धडा आहे.

सातांचं ध्रुवपद अजून ठरलेलं नाही. चौथीच्या मुलींनी एक बांधलंय, चांगलं ठसकेबाज आहे, सातही मात्रा भरलेल्या. पहिलीवाल्यांना ते मान्य नाही. त्यांचं म्हणणं, शेवटची मोकळी ठेवली नाही तर श्वास कुठं घ्यायचा? मुली म्हणतात, वाजवता वाजवता घ्या. अजून वाद मिटलेला नाही, आणि मी मधे पडलेले नाही.